काही फोनांवर श्यामराव वारले

श्यामराव नखाते वारले ही बातमी श्यामराव नखात्यांना कळली तेव्हा ते बुढापारा नावाच्या वस्तीत तळ्याकाठी उभे राहून लाल भाजीच्या दोन जुड्यांवर कोथिंबीर फुकट मागत होते. फोन घरून होता.

"कुठी आहा तुमी?" बायको रमाबाईंनी विचारलं.

"भाजी घेऊन राहिलो."

"घरी या लवकर. तुमी वारले म्हणून लोक आले आहेत."

"कोण वारलं?"

"तुमी."

श्यामरावांनी क्षणभर विचार केला. अशा वेळी काय विचारावं याची माणसाला सवय नसते. ते म्हणाले, "मग कोथिंबीर आणू का नको?"

"आणा," रमाबाई म्हणाल्या. "लोक जेवाले थांबतीन असं दिसून राहिलं."

आता धडधाकट माणूस मंगळवारी सकाळी साडेदहाला भाजी घेता घेता कसा वारतो, हे समजायला सहा आठवडे मागं जावं लागतं. श्यामराव रेल्वेत पेंटर होते. अडतीस वर्षं त्यांनी स्टेशनांच्या नावाच्या पाट्या रंगवल्या. पिवळ्यावर काळं, पिवळ्यावर काळं, आणि बदल म्हणून एखाद्या वर्षी पुन्हा पिवळ्यावर काळं. एकदा त्यांनी एका लहानशा हॉल्टच्या पाटीवर अक्षरांना हळूच निळी सावली दिली होती, तर साहेबांनी लेखी खुलासा मागितला. तेव्हाच त्यांनी मनाशी ठरवलं, की मुलगी अनुश्री हिच्या लग्नाची पत्रिका आपल्याच हातच्या अक्षरांत काढायची, आणि तीत काळ्या रंगाला उंबरठ्याच्या आत येऊ द्यायचं नाही.

अनुश्री वेबसाइटी बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला. तिचं लग्न अभनपूरच्या गिऱ्हेपुंजे घराण्यातल्या यशदीपशी ठरलं होतं. धान्याचा व्यापार, मोठा गोतावळा, आणि घरात कमलाआजींचा शब्द शेवटचा. पत्रिका छापायची नाही, फोनवर लिंक पाठवायची, असं दोन्ही घरच्या तरुण मंडळींनी ठरवलं. श्यामरावांची हरकत नव्हती. त्यांनी महिनाभर बसून एकेक अक्षर रंगवलं. अंग कुंकवाचं, कड हळदीची आणि उजवीकडं पडणारी हिरवी सावली. अनुश्रीनं त्या अक्षरांचा फॉन्ट बनवला. साधा नव्हे, रंगीत. हे अक्षर म्हणजे फोटो नव्हे. फोटो मोठा केला की फाटतो. हे अक्षर रेघांच्या गणितानं बनलेलं, त्यामुळं घराएवढं केलं तरी धार तशीच, आणि तिन्ही रंग अक्षराच्या पोटातच भरलेले. श्यामराव लॅपटॉपवर 'श' मोठा करत करत पडद्याबाहेर नेत आणि पुन्हा आत आणत. असं त्यांनी चार दिवस केलं.

"बाबा, एक प्रॉब्लम है," अनुश्री म्हणाली. ती मराठी समजते सगळी, उत्तर मात्र हिंदीत देते. "कलर फॉन्ट हर ब्राउज़र में सपोर्ट नहीं होता. कोई एक फॉरमॅट मानता है, कोई दूसरा, कोई कुछ भी नहीं मानता. फोटो बनाके डाल देते हैं ना."

"अक्षराचा फोटो?" श्यामराव दुखावले. "उद्या म्हणशीन, नवरदेवाचा फोटो बोहल्यावर उभा करा."

"जहाँ नहीं चलेगा, वहाँ सादा दिखेगा."

"सादं तर सादं. आपल्या लोकांचे फोन चांगले आहेत."

सादं म्हणजे कोणत्या रंगाचं, हे तिनं सांगितलं नाही आणि त्यांनी विचारलं नाही. माणसाची मोठी संकटं अशाच न विचारलेल्या प्रश्नांतून येतात. लहान संकटं विचारलेल्या प्रश्नांतून येतात, पण तो विषय वेगळा.

पत्रिकेत आणखी दोन गोष्टी श्यामरावांनी स्वतः सुचवल्या होत्या. एक म्हणजे निमंत्रकाचं नाव. ते खाली बारीक अक्षरात असतं, पण कारागीर आपणच असल्यानं त्यांनी ते सगळ्यांत वर घेतलं आणि वधूवरांच्या नावांहून एक माप मोठं केलं. दुसरी गोष्ट कलश. चौकटीचा वरचा उजवा कोपरा त्यांनी मोकळा ठेवायला लावला आणि तिथं आपला रंगीत कलश बसवला. तोही फॉन्टातच. या कलशाला अनुश्रीनं रंग दिले, पण साधं रूप द्यायचं राहून गेलं.

मंगळवारी सकाळी साडेनऊला लिंक तीनशे बारा जणांना गेली. साधारण निम्म्या लोकांना दिसली ती पत्रिका बघून डोळ्याचं पारणं फिटावं. उरलेल्या निम्म्यांच्या ब्राउझरला रंगीत अक्षर समजेना. त्यानं प्रत्येक अक्षराचा आकार तेवढा उचलला आणि तो काळ्याकुट्ट शाईनं भरून टाकला. कलशाला साधं रूपच नव्हतं, तेव्हा त्यानं कलश वगळला. झालं ते असं: काळी अक्षरं, चौकटीचा एक कोपरा उडालेला, आणि सगळ्यांत वर, सगळ्यांत मोठं नाव श्यामराव नखाते.

कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे आपल्याकडं वाचायला न येणाऱ्या माणसालाही कळतं. कार्ड हातात पडलं की बायका आधी पदर डोळ्याला लावतात आणि मग कोण गेलं ते विचारतात. त्यातून लग्नाची तारीख बरोबर तेराव्या दिवसाची. म्हणजे तेरवीच. खाली 'आपली उपस्थिती प्रार्थनीय' होतंच. मधलं 'शुभविवाह' वगैरे कोणी वाचलं नाही. इतक्या दुःखाच्या प्रसंगी चष्मा शोधून मजकूर वाचत बसणं बरं दिसत नाही.

श्यामराव घरी पोचले तेव्हा दारात चौदा जोड चपला होत्या. शेजारचे पांडुरंग बोकडे, रेल्वेतूनच निवृत्त झालेले गार्ड, ओट्यावर बसून रडत होते. श्यामरावांना पाहताच त्यांचं रडणं थांबलं आणि त्याची जागा रागानं घेतली.

"हे बरं नाही श्यामराव," ते म्हणाले. "मी सकाळचा चहा सोडून रडून राहिलो."

"मी काय केलं?"

"तेच तर! काहीच केलं नाही तुमी."

पांडुरंगरावांनी शेवंतीचा हार आणला होता. तो परत नेणं प्रशस्त नव्हे, आणि ज्यांच्यासाठी आणला त्यांच्या गळ्यात घालणंही प्रशस्त नव्हे. शेवटी तो देवाच्या फोटोला घातला. समोरच्या घरच्या विनोदिनीबाई पिठलं-भाकर घेऊन आल्या होत्या, कारण दुःखाच्या घरी चूल पेटत नाही. श्यामरावांना भूक लागली होती. आपल्याच सुतकाची भाकर खाणारा माणूस पुरानी बस्तीपासून बुढापाऱ्यापर्यंत तोवर कोणी पाहिला नव्हता, त्यामुळं जेवताना गर्दी बरीच झाली.

मग फोन ताडून पाहणं सुरू झालं. श्यामरावांच्या फोनवर पत्रिका रंगीत. पांडुरंगरावांच्या फोनवर काळी. विनोदिनीबाईंच्या फोनवर काळी, पण त्यांच्या सुनेच्या फोनवर रंगीत. अर्ध्या तासात ओट्यावर दोन पक्ष पडले. रंगीतवाले म्हणत की काळेवाल्यांनी फोन स्वस्तातले घेतले. काळेवाले म्हणत की रंगीतवाल्यांच्या फोनात व्हायरस आहे. ब्राउझर नावाचा प्राणी वेगवेगळ्या जातीचा असतो आणि प्रत्येक जात वेगळा फॉरमॅट खाते, हे अनुश्रीनं तीनदा समजावलं. तिसऱ्या वेळेला एक काका म्हणाले, "पण बेटा, रोख पैसे देऊन नवीन घेतला आहे फोन," आणि चर्चा संपली.

"बाबा, छोड़ो," अनुश्री लॅपटॉप उघडत म्हणाली. "पाँच मिनट का काम है. जहाँ कलर नहीं आता, वहाँ लाल कर देती हूँ."

तिनं तेव्हाच ते केलं असतं तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण पांडुरंगराव उठून उभे राहिले. "हात लावू नको पोरी! ॲक्सिडेंट झाला की डबे हलवत नसतात. पहिले चौकशी. उद्या अभनपूरवाले म्हणतीन, पुरावा मिटवला."

बाकी कोणी असतं तर हसलं असतं. पण श्यामरावांनी अडतीस वर्षं रेल्वेचं मीठ खाल्लं होतं. "बरोबर आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "जसं आहे तसंच राहू दे." आणि चौकशी होईस्तोवर पत्रिका तशीच ठेवण्यात आली. दुपारपर्यंत ती भिलाई, दुर्ग, गोंदिया अशी पुढं पुढं सरकत गेली आणि संध्याकाळी नागपूरच्या आतेभावानं रमाबाईंना धीर देणारा फोन केला. तो श्यामरावांनीच उचलला. आतेभावानं फोन खाली ठेवला आणि तीन दिवस उचललाच नाही.

बुधवारी कळलं की लग्नाचा हॉल गेला. विनोदिनीबाई मुळात फार मदतीच्या. दुःखाच्या घराला वणवण नको म्हणून त्यांनी मंगळवारीच मंगल भवनात फोन करून नोंदणी रद्द करायला सांगितलं होतं. श्यामराव तातडीनं तिथं गेले. काउंटरवर सुशीलबाबू नावाचे गृहस्थ होते.

"आवेदक को खुद आना पड़ेगा," त्यांनी वर न बघता सांगितलं.

"मैं ही आवेदक हूँ."

सुशीलबाबूंनी रजिस्टर पाहिलं, मग श्यामरावांना पाहिलं, मग पुन्हा रजिस्टर पाहिलं. विश्वास रजिस्टरवर जास्त होता. "इसमें तो आप स्वर्गीय हैं."

श्यामरावांनी पिशवीतून पेन्शनसाठी भरलेलं जीवन प्रमाणपत्र काढलं. निवृत्त माणूस ते नेहमी जवळ बाळगतो. वेळ सांगून येत नाही.

"ये नवंबर का है," सुशीलबाबू म्हणाले. "नवंबर में आप थे, ये तो हम भी मान रहे हैं भैया. सवाल मंगलवार का है."

शेवटी मंगळवारनंतर श्यामरावांना जिवंत पाहिलेल्या दोन माणसांच्या सह्या लागतील असं ठरलं. पांडुरंगरावांनी सही केली, पण खाली स्वतःच्या अक्षरात 'पाहिले, परंतु उशिरा' असा शेरा मारला. दुसरी सही विनोदिनीबाईंची. रजिस्टरात तांबड्या शाईनं 'आवेदक पुनः जीवित' अशी नोंद झाली आणि हॉल परत मिळाला. श्यामरावांनी आयुष्यात इतका अपमान आणि इतका दिलासा एकाच काउंटरवर कधी घेतला नव्हता.

पण खरा घाव संध्याकाळी बसला. यशदीपचे वडील शेखरराव यांचा अभनपूरहून फोन आला. बिचारे फार अवघडून बोलत होते. श्यामराव जिवंत आहेत हे त्यांना मान्य होतं; श्यामरावांशीच तर बोलत होते. पण कमलाआजींनी पत्रिका स्वतःच्या फोनवर, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती. व्याह्याच्या मरणाची पत्रिका आलेल्या घरात लग्न म्हणजे अशुभ. एक वर्ष थांबायचं, असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

श्यामरावांनी फोन ठेवला. अनुश्री दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडली नाही. नुसतं म्हणाली, "गलती मेरी है बाबा. कलर चेक करना मेरा काम था," आणि आत जाऊन लॅपटॉप बंद करून बसली. श्यामरावांना त्या वाक्यानं जेवण गेलं नाही. तिनं सांगितलं होतं. फोटो लाव म्हणाली होती. आपणच ताठून बसलो, आणि आता पोर आपली चूक स्वतःच्या डोक्यावर घेऊन आत बसली आहे. मेल्याची बातमी त्यांनी सहज पचवली होती, ही गोष्ट मात्र गळ्याखाली उतरेना.

गुरुवारी सकाळी ते पांडुरंगरावांच्या स्कूटरवर मागं बसून अभनपूरला निघाले. पुराव्यादाखल दोन फोन बरोबर होते, एक रंगीत आणि एक काळा.

कमलाआजी ओसरीत बाजेवर बसल्या होत्या. त्यांनी श्यामरावांना आपादमस्तक न्याहाळलं. "हात द्या इकडं," म्हणाल्या आणि दंडाला असा चिमटा काढला की श्यामरावांच्या डोळ्यांत पाणी आलं.

"दुखलं?"

"हो जी."

"मंग जित्ते हाव तुमी," आजी म्हणाल्या. "पण माह्या फोनात मेलेले हाव."

श्यामरावांनी रंगीत फोन पुढं केला. आजींनी तो हातातही घेतला नाही. "तो तुमचा फोन. मले माह्या फोनाचं सांगा."

मग दोघा निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्यांनी आजींच्या फोनात दुसरा ब्राउझर बसवण्याचा घाट घातला. फोन म्हणाला, जागा नाही. सगळी जागा सुप्रभाताच्या चित्रांनी भरली होती. उगवते सूर्य, गुलाब, गणपती, पुन्हा गुलाब. एखादं पुसू का, असं पांडुरंगरावांनी विचारताच आजी कडाडल्या, "देवाले पुसता?" पांडुरंगरावांनी फोन बाजेवर ठेवला आणि दोन पावलं मागं सरकले.

श्यामराव खाली जमिनीवर बसले. वाद घालायला आता काही उरलं नव्हतं.

"आजी, चूक माही हाये," ते म्हणाले. "पोट्टी सांगून राहिली होती की सगळीकडं रंग येणार नाही. मी ऐकलं नाही. अडतीस वर्षं नोकरीत काळंच रंगवलं. वाटलं, लेकीच्या लग्नात तरी काळं नको. मले शिक्षा द्या काय द्यायची ते, पण पोरीचं एक वर्ष नका घेऊ."

 आजींनी फोन उचलला, लांब धरला, जवळ धरला. मग म्हणाल्या, "लेकराले तीट कायची लावते?"

"काजळाची."

"लाल लावते का?"

"नाही जी. काळीच."

"काहून?"

"दृष्ट लागू नये म्हणून."

"मंग!" आजींनी मांडीवर थाप मारली. "पोरगा दिसाले चांगला, पोरगी शिकलेली, तीनशे लोक पाह्यणार. दृष्ट लागाचीच व्हती. देवानं आधीच काळं लावून धाडलं." आणि आतल्या शेखररावांना ऐकू जाईल अशा आवाजात त्यांनी सांगितलं, "लगन व्हईन रे! पण आयका, हे काळं पुसाचं नाही. लगन लागेस्तोवर माह्या फोनात असंच पाह्यजे."

श्यामरावांनी तिथल्या तिथं शब्द दिला. परतताना स्कूटरवर पांडुरंगराव म्हणाले, "पाहा, डबे हलवले असते तर?"  चुकीचा सल्ला बरोबर ठरला की शेजारी आणखी दहा वर्षं ऐकवतो.

पुढच्या आठवड्यात शनिवारी सकाळी हळद होती. अनुश्रीच्या गालाला हळदीचं पहिलं बोट लागतं न लागतं तोच अभनपूरहून फोन. कमलाआजी स्वतः बोलत होत्या आणि त्यांचा आवाज चिरकला होता.

"श्यामराव! काळं कोणं पुसलं? माह्या फोनात रंग आला! इकडं हळद थांबवली मी!"

कोणी पुसलं नव्हतं. आजींच्या नातसुनेनं, चेतनानं, आजी आंघोळीला गेल्या असताना दोनशे गुलाब आणि सत्तर सूर्य उडवून फोन मोकळा केला होता. जागा मिळताच फोननं आपला ब्राउझर आपणच नवा करून घेतला आणि नव्या ब्राउझरला रंगीत अक्षर वाचता येऊ लागलं.

अनुश्रीनं हळदीच्या पाटावर बसल्या बसल्या लॅपटॉप मागवला. पांडुरंगरावांचा फोन पाहिला, विनोदिनीबाईंचा पाहिला. "बाबा," ती हसून म्हणाली, "नया अपडेट आ गया है. अब ये सब सपोर्ट कर रहे हैं. देखो ना, सबके फोन में आपका कलर!"

खरंच होतं. ओट्यावर सात जणांनी सात फोन पुढं धरले आणि सातही फोनांवर कुंकवाची अक्षरं, हळदीची कड, हिरवी सावली आणि कोपऱ्यात कलश झळकत होता. पांडुरंगराव फोन डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "श्यामराव, लेका, काय हात हाये तुझा!" चाळीस वर्षांत ते पहिल्यांदा एकेरीवर आले होते. इकडं श्यामरावांच्या कानाला लावलेल्या फोनात आजींचा श्वास ऐकू येत होता.

श्यामरावांनी सातही फोन नीट पाहून घेतले. घाई केली नाही. मग म्हणाले, "कर काळं."

"बाबा, एक आजी के लिए? सिर्फ उनके फोन में कर देती हूँ कुछ—"

"सगळ्यांच्या कर. माह्याही. त्या म्हातारीले फसवायचं नाही."

 अनुश्रीनं हळदीच्या बोटांनी एक ओळ लिहिली. बटणं पिवळी झाली आणि सातही फोनांवरचे रंग एकदम गेले. कलशही गेला. रमाबाईंनी पदर डोळ्याला लावला, आणि या वेळी कोण गेलं हे कोणी विचारलं नाही.

"आलं का जी काळं?" श्यामरावांनी फोनात विचारलं.

"आलं," आजी म्हणाल्या. "आता कसं झ्याक दिसते. हळद लावा तिकडं."

रविवारी मंगल भवनात वरात आली. कमलाआजी गाडीतून उतरल्या त्या काजळाची डबी हातात घेऊनच. बायकांनी लगबगीनं अनुश्रीला पुढं केलं. आजींनी तिला हातानं बाजूला सारलं, थेट श्यामरावांसमोर आल्या, टाचा उंचावल्या आणि त्यांच्या गालावर अंगठ्यानं चांगला ठसठशीत काळा ठिपका लावला.

"लेकीचा बाप हाय," त्या जमलेल्या सगळ्यांना म्हणाल्या. "पोरीच्या पायी रंग सोडला त्यानं. याचीच दृष्ट काढाले पाह्यजे."

पांडुरंगरावांनी रुमाल पुढं केला. श्यामरावांनी तो घेतला, डोळे पुसले आणि परत दिला. गालाला हात लावला नाही. लग्नाच्या सगळ्या फोटोंत ते तसेच उभे आहेत, गालावर तो काळा ठिपका घेऊन, आणि तो प्रत्येक फोनवर दिसतो.